पानाच्या तबकातला मोबाईल

देवगडात काल एका ओळखीच्यांच्या पडवीत आंब्याच्या कलमांच्या वाटणीची बोलणी चालली होती. पानाच्या तबकात पुतण्याचा मोबाईल पालथा पडलेला. चुन्याची डबी घ्यायला काकांनी तो बाजूला केला, तर स्क्रीनवर लाल ठिपका आणि सेकंद पळतायत.

पुतण्या जराही न गडबडता म्हणाला, "काकानु, तोंडच्या शब्दाक आता कोण इचारता?"

त्यानंतर काका बोलले, पण तलाठ्यासमोर बोलावं तसं. आजोबांनी कुठली कलमं कुणाला तोंडी देऊन ठेवली होती, हे फक्त त्यांनाच ठाऊक. नेमकं तेच राहून गेलं!

कायद्याने पोराला धरता येईल? अवघडच. दुसऱ्यांचे फोन चोरून टॅप करणं वेगळं. पण आपण ज्या बोलण्यात स्वतः बसलोय, ते रेकॉर्ड करायला सरसकट बंदी घालणारा कायदा आपल्याकडे नाही. २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला खरा. पण जुलै २०२५ मध्ये त्याच कोर्टाने सांगितलं की नवरा-बायकोतलं चोरून रेकॉर्ड केलेलं बोलणंही घटस्फोटाच्या खटल्यात पुरावा म्हणून चालेल. तिथे काका-पुतण्याचं काय घेऊन बसलात!

पुतण्याचं साफ चुकलं असं मला म्हणवत नाही. शब्दावर विसंबून त्याचा बाप एकदा चांगलाच बुडालाय, ते अख्ख्या वाडीला माहीत आहे. तरी वाटतं, "रेकॉर्डिंग लावतंय हां" एवढं आधी सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं?

तुमच्या घरातल्या कुणी असं केलं तर चालेल तुम्हाला?