पाचवा दिवस कुठे गेला?

एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला मी काझुओ इशिगुरोंची ‘द रिमेन्स ऑफ द डे’ शिकवते. १९८९ साली बुकर मिळालेली ही कादंबरी मुलांना सुरुवातीला अगदी संथ वाटते. १९५६ च्या जुलैत स्टीव्हन्स नावाचा उतारवयातला बटलर मालकाची फोर्ड गाडी घेऊन इंग्लंडच्या पश्चिमेला निघतो. पूर्वी त्याच हवेलीत कामाला असलेल्या मिस केंटनचं पत्र आलेलं असतं. चांदीची भांडी कशी लखलखीत हवीत, थोर बटलर कुणाला म्हणावं, यावर तो पानंच्या पानं बोलतो. “मॅडम, यात घडतं काय?” हा प्रश्न दरवर्षी येतो.

त्या दिवशी १९२३ साली हवेलीत भरलेल्या परिषदेचा भाग घेतला होता. वरच्या खोलीत स्टीव्हन्सचे वडील शेवटच्या घटका मोजत असतात आणि हा खाली पाहुण्यांची सरबराई करत फिरत असतो. निवेदक तोच, पण स्वतःला काय वाटलं याबद्दल चकार शब्द काढत नाही. मग हवेलीचे तेव्हाचे मालक लॉर्ड डार्लिंग्टन त्याला विचारतात, बरा आहेस ना, तू रडतो आहेस असं वाटतंय. तो हसतो, रुमाल काढून तोंड पुसतो आणि दिवसभराच्या दगदगीवर ढकलून देतो. थोड्याच वेळात वडील गेल्याची बातमी येते. मी पुस्तक खाली ठेवलं. वर्ग गप्प झाला होता.

एरवी मागच्या बाकावर न बोलता बसणारी एक मुलगी उठली. तिने दोन पानांवर खुणा करून आणल्या होत्या. पहिल्या ठिकाणी स्टीव्हन्सला आठवतं की मिस केंटनच्या बंद दाराबाहेर तो उभा आहे, आत ती रडते आहे, नुकतीच तिला मावशी गेल्याची बातमी कळली आहे. पुढे, प्रवासाच्या चौथ्या दिवशी, तो म्हणतो की आपला जरा गोंधळ झाला. ती आठवण मावशीच्या वेळची नसून नंतरच्या एका संध्याकाळची आहे. त्याच संध्याकाळी तिने दुसऱ्या एकाशी लग्नाला होकार दिल्याचं त्याला सांगितलेलं असतं.

“म्हणजे मॅडम, दार तेच, रडणं तेच. कारण मात्र त्याने बदललं होतं.”

मला फार आनंद झाला. गाइडं वाचणारे ‘बंद दार म्हणजे दुरावा’ एवढं लिहून मोकळे होतात. ते चूक नाही, पण तेवढ्याने या दाराचं वजन कळत नाही. ते दार कोण आठवतंय, कधी आठवतंय आणि आठवताना काय सरकवतंय, हे पाहिलं की मग हा माणूस दिसायला लागतो.

तेवढ्यात एक मुलगा अनुक्रम चाळत म्हणाला, “पहिला, दुसरा, तिसरा, चौथा दिवस... आणि एकदम सहावा. पाचवा कुठंय?”

सगळ्यांनी पानं उलटली. खरंच, नाहीच. चौथ्या दिवसाचं प्रकरण मिस केंटनच्या भेटीआधी संपतं आणि पुढचं सहाव्या दिवशी संध्याकाळी वेमथ या समुद्रकाठच्या गावाच्या धक्क्यावर उघडतं. भेट तो तिथे बसून, दोन दिवसांनी सांगतो. तुमच्यासोबतचं आयुष्य कसं झालं असतं, हा विचार माझ्या मनात येतो, असं ती म्हणालेली असते. आणि त्या क्षणी आपलं काळीज तुटत होतं, हे तो अखेर कबूल करतो.

मग पाचव्या दिवशी काय झालं? “दिवसभर रडला असेल,” एक जण म्हणाला. “छे, गाडी चालवत राहिला असेल.” मी म्हटलं, दोन्ही असू शकेल, पण मजकुरातून दाखवा.

उत्तर पुन्हा त्याच मुलीकडून आलं. वेमथच्या बाकावर शेजारी बसलेला अनोळखी माणूस स्टीव्हन्सला रुमाल हवा का विचारतो. स्टीव्हन्स स्वतः रडल्याचं सांगत नाही. रुमाल पुढे आला म्हणून आपल्याला कळतं. १९२३ मध्येही कळलं ते दुसऱ्याच्याच तोंडून.

पुढच्या तासाची मुलं दारात येऊन उभी राहिली, तरी वाद संपेना. तेव्हा रुमाल त्याचा स्वतःचा होता, इथे परक्याचा. हा फरक इशिगुरोंनी मुद्दाम ठेवला असेल का? मला वाटतं, मुद्दामच.