खाडीतली परात

आबांनी होडीकडे बघितलं, तंबाखू एका गालातून दुसऱ्या गालात सरकवली आणि विचारलं, "सायब, ही परात घेऊन कुटं निघालाव?"

साहेब हसले, पण त्यांना ते लागलं असावं. होडी त्यांना आवडली होती. आबा मात्र चूक बोलले नव्हते. सोळा फूट लांब, चपटी, रुंद, काठ जेमतेम गुडघ्यापर्यंत, आत राखाडी गालिचा आणि पुढे उभं राहून गळ फेकायला सपाट ओटा. अमेरिकेतल्या तळ्यांवर बास नावाचा मासा धरायला असल्या होड्या असतात. गोडं, स्थिर पाणी, लाट वीतभर. तिथे काठ बुटका असलेलाच बरा, मासा उचलायला वाकावं लागत नाही.

मी दाभोळ खाडीच्या अंगाला आउटबोर्ड इंजिनं आणि फायबरच्या होड्या दुरुस्त करतो. कोणी हौशी आला तर त्याला गरवायला, म्हणजे गळानं मासे धरायला, नेतो. साहेब पुण्याचे. बारा वर्षं टेक्सासमध्ये होते, तिथल्या तळ्यांवर बास धरायचं वेड घेऊन परत आले. आता त्यांना इथे कोकणात स्वतःची होडी ठेवायची होती. ही परात कोणीतरी पर्यटनाच्या धंद्यासाठी आणली होती, धंदा बसला आणि ती विक्रीला निघाली. सौदा करण्याआधी एक दिवस चालवून बघू, तुम्ही सोबत चला, असं साहेबांनी फोनवर सांगितलं होतं.

होडी बघताना मी आधी दहाचं नाणं काढतो. मागच्या ज्या फळीवर इंजिन टांगतात तिच्या आत प्लायवूड असतं, वरून फायबरचं कवच. बोल्टच्या भोकातून पाणी शिरलं की आतलं लाकूड कुजतं आणि बाहेरून रंग नव्यासारखा चकचकीत राहतो. नाण्यानं ठोकत गेलं की चांगल्या जागी टण्‌ वाजतं, कुजल्या जागी भद्द. इथे उजव्या बाजूच्या खालच्या बोल्टपाशी तळहाताएवढी जागा भद्द बोलली. मग इंजिनाचा पाय धरून वर-खाली जोर दिला. फळी हलली नाही, पण बोल्टभोवती केसाएवढी चीर होती. इंजिन चाळीस एचपीचं, त्याची तब्येत मात्र ठणठणीत. गिअरचं तेल काढून बघितलं, दुधासारखं पांढरं झालेलं नव्हतं, म्हणजे सील शाबूत. चालू केल्यावर मागच्या बारीक भोकातून पाण्याची धार जोरात आली.

"अर्ध्या वेगानं चालवू आणि खाडीतच राहू," मी म्हटलं. साहेबांनी मान डोलावली.

मार्गशीर्षातली एकादशी होती. आई सकाळीच म्हणाली होती, आज तरी माशाला हात लावू नको. मी म्हटलं, खाणार नाही, धंद्यापुरताच लावतो. एकादशीचा हिशोब सोपा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. अकराची पाऊण सव्वाआठ. आमच्या इथे थोडं इकडेतिकडे होतं, पण मोबाइल नव्हता तेव्हापासून याच हिशोबावर होड्या सुटत आल्या. म्हणजे नऊपासून पाणी उतरायला लागणार आणि दोन-अडीचपर्यंत उतरत राहणार. जिताड्याला हेच हवं असतं. बास बास म्हणतात त्याचा इकडचा खाऱ्या पाण्यातला भाऊ म्हणजे जिताडा, निदान साहेबांना मी तसं सांगून ठेवलं होतं. नातं तसं जवळचं नाही, स्वभाव मात्र जुळतो. दोघंही आडोशाला दबा धरून बसणारे.

फेरीबोटीच्या वरच्या अंगाला खाजणातून, म्हणजे खाऱ्या दलदलीतून, एक पऱ्या, छोटा ओहोळ, खाडीला मिळतो. भरतीला बोईट आणि कोळंबी कांदळवनाच्या मुळांत शिरतात, पाणी उतरायला लागलं की त्यांना बाहेर यावंच लागतं, आणि जिताडा पऱ्याच्या तोंडाशी, गढूळ आणि निवळ पाणी मिळतं त्या रेघेवर, तोंड वर करून उभा असतो. आम्ही तीस हातांवर नांगर टाकला.

साहेबांनी आपली टेक्सासची काठी काढली. सुरेख होती. वरच्या बाजूला बसणारं बेटकास्टर रीळ, त्यावर बारा पौंडांची पातळ तंगूस, म्हणजे नायलॉनची दोरी, टोकाला बेडकाच्या रंगाचा प्लॅस्टिकचा मासा. फेक तर अशी की पऱ्याच्या तोंडाशी बुडालेल्या फांदीच्या हातभर पलीकडे, पाण्यावर टपकन आवाजही नाही. इतकी अचूक फेक मला येत नाही, हे मान्य. तिसऱ्या फेकीला पाण्याखाली कोणी डबा आपटावा तसा आवाज झाला. जिताडा आमिष चघळत बसत नाही, तोंड उघडून पाण्यासकट आत ओढतो. काठी कमानीसारखी वाकली, रीळ किंचाळलं, आणि पाच सेकंदांत सगळं सैल.

साहेबांनी तंगूस ओढून घेतली. टोक कापलेलं नव्हतं, घासून फुगलेलं होतं. मी त्यांच्या बोटांवरून फिरवून दाखवलं. खालच्या फांदीला कालवं चिकटलेली, त्यावर घासलं गेलं. ती वाचली असती तरी पुढे कल्ला होताच. जिताड्याच्या कल्ल्याच्या झाकणाला पात्यासारखी धार असते, उडी मारून डोकं झटकताना तो तीच दोरीवर चालवतो. तळ्यातल्या बासला ही दोन्ही हत्यारं नसतात.

मग माझी काठी दिली. सात फुटी, जाड, साधं स्पिनिंग रीळ. मुख्य दोरी तीस पौंडांची विणीची, पुढे दीड हात पन्नास पौंडांचा फ्लोरोकार्बन, घासलं तरी सहज न तुटणारी जाड दोरी. दोन्ही जोडणारी गाठ मी रात्रीच घरी बसून बांधतो. विणीची दोरी फ्लोरोकार्बनवर आलटून-पालटून वीस वेळा आवळायची, मग ती गाठ काठीच्या कड्यांतून न अडखळता जाते. होडीत बसून बांधली तर वाऱ्यानं आणि घाईनं हमखास सैल होते, हे दोन मासे घालवून शिकलो. रिळाचा ड्रॅग, म्हणजे मासा ओढताना दोरी किती जोराला सुटावी ते, मी भाजी तोलायच्या काट्यावर लावतो. दोरी काट्याच्या आकड्याला अडकवून ओढायची, तीन-साडेतीन किलोला सुटायला लागली की बस. साहेब म्हणाले, टेक्सासमध्ये आम्ही हातानं अंदाज घ्यायचो. मी म्हटलं, इथे पहिल्या तीन सेकंदांत फांदीपासून लांब ओढला नाही तर अंदाज घ्यायला मासाच नसतो.

आमिष बदललं. चौदा ग्रॅमच्या शिशाच्या डोक्यावर मऊ रबरी मासा. फेकायचा वरच्या अंगाला, पाण्याबरोबर वाहू द्यायचा, दोनदा उचलायचा आणि सोडून द्यायचा. साहेब सारखं गुंडाळत होते. "थांबा," मी म्हटलं, "तुम्ही थांबलात की तो घेतो." चौथ्या-पाचव्या फेकीला थांबले आणि त्यानं घेतला.

दोनदा उडाला. उडाला की काठी खाली, हे त्यांना सांगावं लागलं नाही, ते बासकडूनच आलेलं. सहा-सात मिनिटांनी जाळ्यात आला. सत्तर सेंटिमीटर, चार किलोंच्या आसपास, उन्हात डोळा गुलाबी निखाऱ्यासारखा. पुढचा फ्लोरोकार्बन हातभर खरवडलेला, पण अभंग. साहेबांनी विचारलं, नर की मादी? बहुधा नर, मी सांगितलं. जिताडा आयुष्याची सुरुवात नर म्हणून करतो आणि बराच मोठा झाला की मादी होतो. म्हणून खूप मोठा लागला की तो सोडावा असं मला वाटतं, तीच पावसाळ्यात खाडीच्या मुखाशी अंडी घालणारी असते. हा तेवढा नव्हता, तरी साहेबांनी सोडला. जिताड्याला बाजारात काय भाव आहे हे माहीत असल्यानं आबांनी संध्याकाळी त्यावरून मला जे ऐकवलं ते इथे लिहिता येणार नाही.

ऊन चढलं तसा पेट्रोलचा वास यायला लागला. टाकी माझ्या पायाशीच होती. झाकणावर हवेचा बारीक स्क्रू असतो, वास थांबावा म्हणून मी तो पिळून बंद केला.

पावणेबाराला साहेब म्हणाले, जरा मुखाकडे जाऊ या का, अंजनवेलच्या बाजूच्या खडकांपाशी पॉपर, पाण्यावर उडत जाणारं आमिष, फेकून बघू. सकाळी खाडीतच राहू असं मीच सांगितलं होतं. पण त्या माशानं माझंही डोकं वर गेलं होतं. चला म्हटलं.

फेरीबोटीची वाट ओलांडली, आणखी खाली गेलो. दहा-बारा मिनिटं इंजिन छान चाललं, मग धाप लागल्यासारखं झालं आणि बंद पडलं. सकाळचा मतलई, जमिनीवरून येणारा वारा, कधीच मेला होता, पश्चिमेकडून खारा वारा सुटला होता. ओहोटीचं पाणी पश्चिमेला धावतंय आणि वारा समोरून येतोय, अशी दोघांची गाठ पडली की लाट आडवी पसरत नाही, उभी राहते. वाळू साचून उथळ झालेल्या पट्ट्यावर पांढरं फुटताना दिसत होतं. दोनशे-अडीचशे हात असेल. आम्ही तिकडेच वाहत होतो.

साहेबांनी घाईनं नांगर टाकला, आणि दोर अडकवला मागच्या कड्याला. नांगर दुमडणारा, खेळण्यातला, साखळी नाही. वरच्या चिखलात तो धरून बसला होता, इथल्या वाळूत घसरत होता. पण मधेच कुठेतरी अडकला आणि होडीनं बूड ओहोटीच्या धारेकडे केलं. मागची फळी इंजिनासाठी खाचा पाडून आधीच बुटकी, त्यात चाळीस एचपीचं वजन. दोरानं बूड खाली ओढलं आणि धावतं पाणी सरळ आत आलं. पुन्हा आलं. गालिच्यानं पाणी पिऊन घेतलं, घोट्यापर्यंत आलं. दोर सोडवून पुढच्या टोकाला, नाळेकडे, नेला, होडी फिरली, पाणी यायचं थांबलं. साहेब माशांच्या डब्यानं पाणी उपसायला लागले. त्यांच्या अंगात लाइफ जॅकेट होतं. माझं सीटखाली होतं, भिजत.

मी इंजिनाचं झाकण काढलं. सकाळपासून त्या होडीला नावं ठेवत होतो, त्यामुळे डोक्यात पहिलं तेच, इंजिनच खराब, माणसानं फसवलं. प्लग, वायर, फिल्टर बघत दोन मिनिटं घालवली. मग नळीवरच्या रबरी फुग्याकडे लक्ष गेलं. चोखून टाकलेल्या रायवळ आंब्यासारखा चिपाड. टाकीत हवा जात नाही म्हणून पेट्रोल येत नाही. आणि हवा का जात नाही हे माझ्या बोटांना माहीत होतं.

स्क्रू उलटा फिरवला. टाकीनं सूंऽऽ करून हवा ओढली. फुगा पाच-सहा वेळा दाबला, कडक झाला, चावी फिरवली, दुसऱ्या वेळी लागलं. नांगर वर घ्यायच्या भानगडीत न पडता दोर कापला.

वळून बघतो तर आबा आपली होडी घेऊन अर्ध्या वाटेवर आलेले, दोराचं वेटोळं हातात. त्यांची बावीस फुटी, नाळ छातीएवढी उंच, त्याच लाटांवरून डुलत येत होती. "काय झालं रं?" ओरडले. "इंजिन बंद पडलेलं," मी ओरडून सांगितलं. ते खोटं नव्हतं. बाकीचं त्यांना आजवर सांगितलेलं नाही, आणि ते हे वाचणार नाहीत.

साहेबांना मात्र धक्क्यावर चहा पिताना सगळं सांगितलं. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "स्क्रू तुमचा, पण पाणी होडीचं होतं ना?" तेही बरोबर. तीच चूक आबांच्या होडीत केली असती तर फार तर तासभर डुलत बसलो असतो. मग चहाच्या कागदावर त्यांच्यासाठी होडी काढत बसलो. अठरा-वीस फूट, इथल्याच कारागिराकडची, तळ चपटा नको, पुढे निमुळता. काठ मांडीएवढा, मागची फळी पूर्ण उंचीची. पंचवीस एचपी पुरे, शिवाय एक छोटं इंजिन किंवा निदान दोन वल्ही. नांगराला चार हात साखळी. फेकायला ओटा हवाच असेल तर पुढे काढता-घालता येईल अशी फळी. साहेबांनी गालिच्याबद्दल विचारलं. मी काही बोललो नाही, त्यांनीच खोडला.

होडी त्यांनी घेतली ती पुढच्या शिमग्याला, आणि ती वेगळी गोष्ट आहे. परातीच्या मालकाचा मला फोन आला होता. तुम्ही माझं गिऱ्हाईक मोडलंत, वगैरे. कापलेल्या नांगराचे पैसे मी भरून दिले. पुढे कळलं की ती घाटावर एका धरणाच्या पाण्यावर गेली. तिथे ती शोभेल. विकताना त्या भद्द वाजणाऱ्या फळीचं त्यानं काय केलं, ते मात्र कोणी सांगितलं नाही.