अंतूरच्या वाटेवर गाडी तापली, त्यानंतरची रेडिएटरची शोधाशोध

एप्रिलमधला रविवार, ऊन असं की सकाळी नऊलाच स्टेअरिंगला हात लावू वाटेना, आणि आम्ही तिघं निघालो अंतूर किल्ल्याला. मी, दाजी आणि दाजींचा पोरगा. संभाजीनगरहून वेरूळमार्गे कन्नड साठेक किलोमीटर, तिथवर काहीच टेन्शन नाही, पुढं नागापूर आणि मग जंगलातला कच्चा रस्ता. किल्ल्याच्या बऱ्यापैकी जवळ जीप जाते असं सगळेच सांगतात, जाते पण, फक्त कशी जाते ते कोणी सांगत नाही.

गाडी माझी जुनी डिझेल फोर बाय फोर. कच्चा चढ लागला तसा फोर-लो (चारही चाकांना जोर देणारा हळू गिअर) टाकला. आता यात होतं असं की इंजिन घुमत असतं पण गाडी चालते माणसाच्या चालीनं, म्हणजे समोरून रेडिएटरच्या (इंजिनचं पाणी गार करतो तो) जाळीला वारा जवळपास शून्य, सगळी मदार पंख्यावर. तापमानाचा काटा अर्ध्यावरून वर सरकायला लागला. दाजी म्हणाले, "एसी बंद कर अन् हीटर फुल कर." एप्रिलच्या उन्हात हीटर! पण बरोबर होतं त्यांचं, हीटर पण एक छोटा रेडिएटरच असतो, इंजिनची थोडी गर्मी आत ओढतो. काटा थांबला, पाच मिनिटं, आणि मग बॉनेटमधून वाफ. रेडिएटरची वरची टाकी प्लास्टिकची, ती जाळीला जिथं दाबून बसवलेली असते तिथं तडकलेली.

झाकण लगेच उघडू नका, हे लिहायची गरज नाही तरी लिहितो कारण पोरगा हात घालायलाच निघाला होता. आत पाणी प्रेशरमध्ये असतं, झाकण उघडलं की ते उकळून थेट तोंडावर येतं. पाऊण तास झाडाखाली बसलो. मग एका शेतकऱ्यानं ड्रममधलं दहा लिटर पाणी दिलं (पैसे घेतले नाहीत, उलट चहाला बोलवत होता), इंजिन स्लो चालू ठेवून हळूहळू ओतलं, झाकण पूर्ण न आवळता पहिल्या खाचेवर ठेवलं म्हणजे आत प्रेशर धरत नाही आणि तडीतून कमी जातं. असं दर चार-पाच किलोमीटरला थांबत, पाणी टाकत कन्नड गाठलं. किल्ला राहिला.

दुसऱ्या दिवशी आमच्याकडच्या रेडिएटरवाल्या चाचांकडं. ट्रक-ट्रॅक्टरचीच कामं करतात, वय सत्तरीला आलं असेल. मला वाटलं नवीन रेडिएटर कुठला ते सांगतील, पण त्यांनी आधी हेड, म्हणजे इंजिनचा वरचा भाग, तपासलं. इंजिन गार असताना झाकण काढून गाडी चालू केली, पाण्यात सारखे बुडबुडे येतात का बघितलं, ऑईलची कांडी काढून दुधाळ झालंय का बघितलं. हेड गॅसकेट (हेडखालचं पॅकिंग) गेलं असेल तर कितीही भारी रेडिएटर टाका, गाडी तापणारच. माझं हेड ठीक निघालं, नशीब. मग त्यांनी जुन्या जाळीची एक बाजू कापून दाखवली, नळ्यांमध्ये पांढरा चुना भरलेला. "बोअर का पानी डालते ना?" मी गप्प. वर्षानुवर्षं घरच्या बोअरचंच टाकत आलो. आपल्याकडचं पाणी किती जड आहे ते बायकोची गिझरची कॉईल बघून कळायला पाहिजे होतं, ते पण नाही कळलं.

आता निवड. पहिला पर्याय होता तसाच, अल्युमिनियमची जाळी आणि प्लास्टिकची टाकी. हलका, थंड चांगला करतो, बोल्ट टू बोल्ट बसतो. जो रोज हायवेनं जालना-बीड करतो त्यानं डोळे झाकून हाच घ्यावा. पण जंगलात टाकी तडकली की विषय संपला.

दुसरा, पूर्ण अल्युमिनियमचा, जाड जाळीचा, दिसायला एकदम कडक. मी यालाच भुललो होतो. किंमत जवळपास दुप्पट, ती पण दिली असती, पण चाचांनी पट्टी घेऊन पंखा आणि जाळीमधलं अंतर मोजायला लावलं. नवीन जाळी एवढी जाड की पात्यापाशी जेमतेम बोटभर जागा राहत होती. इंजिन रबरी माउंटवर असतं, खड्ड्यात पुढंमागं हलतं, पातं जाळीला घासलं की नवा कोरा रेडिएटर भंगारात. शिवाय जाळी जाड म्हणजे वारा आरपार ओढायला पंख्याला जास्त जोर, आणि फोर-लोमध्ये आपल्याकडं पंख्याशिवाय दुसरं आहेच काय. फुटला तर आर्गन वेल्डिंग लागतं, ते तालुक्याला मिळेल, जंगलाशेजारच्या गावात नाही.

तिसरा तांब्या-पितळेचा, मापानं बनवून घेतलेला, तीन रांगांचा. वजनाला भारी. तांबं उष्णता जास्त नेतं हे शाळेत शिकलो ते खरं, पण त्यात नळ्या पितळेच्या आणि अरुंद, जोडाला डाग (कथील वितळवून केलेला जोड) दिलेला, त्यामुळे अल्युमिनियमपेक्षा लई थंड होईल असं समजू नका. मी घेतला एकाच कारणासाठी, डाग देणारा माणूस मराठवाड्यात कुठंही सापडतो, ट्रॅक्टरमुळे.

जाळीची उंची-रुंदी-जाडी मिमीमध्ये, वरच्या-खालच्या पाईपच्या तोंडाचा व्यास आणि बाजू, बोल्टची भोकं, पंख्यापासूनचं अंतर, एवढं लिहून घेऊनच दुकानात जा, नुसतं मॉडेल सांगून नका जाऊ. खालचे रबरी बुश नवीन टाका, ऑफरोडला चासी पिळते आणि रेडिएटर घट्ट आवळलेला असेल तर पिळा टाकीच्या जोडावर येतो, माझी टाकी बहुतेक त्यानंच गेली. जुन्या झाकणावर प्रेशरचा आकडा ०.९ लिहिला होता, तेवढंच घेतलं. जास्त प्रेशरचं टाकून हौज पाईप फोडायचा उद्योग नको. थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत पाणी अडवणारा व्हॉल्व्ह) काढून टाका म्हणणारे भेटतील, काढू नका, इंजिन थंडच राहतं आणि डिझेल पितं. कूलंट अर्धं, डिस्टिल्ड वॉटर अर्धं.

आणि खरा फरक कशानं पडला माहितीये? पंख्याभोवतीचं प्लास्टिकचं कवच अर्धं तुटलेलं होतं, मागच्या पावसाळ्यात चिखलात गेलेलं, मी लक्षच दिलं नव्हतं. कवच नसलं की पंखा जाळीतून वारा ओढायच्या ऐवजी बाजूचाच गरम वारा फिरवत बसतो. चाचांनी पत्र्याचं करून दिलं, रेडिएटरच्या मानानं किरकोळ पैशात.

तीन आठवड्यांनी परत गेलो, मे महिना, ऊन जास्तच. तोच चढ, तोच फोर-लो, काटा अर्ध्याच्या जरा वर जाऊन थांबला. गाडी लावून राहिलेलं चाललो, वाटेतला फारसी कोरीव दिशादर्शक दगड पण बघितला. जाणाऱ्यांनी सकाळी सातच्या आत कच्चा रस्ता धरा, अभयारण्याची हद्द आहे तर वनखात्याच्या माणसाला विचारून जा, दहा लिटर चांगलं पाणी, एक जादा हौज पाईप, दोन क्लिपा आणि फॅनबेल्ट गाडीत असू द्या. आल्यावर जाळीतली कुसळं इंजिनच्या बाजूनं पुढच्या बाजूला, साध्या पाईपनं धुवा, सर्व्हिसिंगच्या प्रेशरनं पत्त्या वाकतात.

खालच्या पाईपची एक क्लिप मात्र अजून थेंब थेंब पाझरतीये, दाजी म्हणतात आवळ, मी आवळून बघितली, बदलावीच लागणार.