तुम्ही विचारलंत म्हणून : मुलीची हौस राहून गेली का?

तीन मुलग्यांच्या आईला एक प्रश्न आयुष्यभर पुरतो. ‘मुलीची हौस राहूनच गेली ना?’ असे कोणी सहज बोलण्याच्या ओघात विचारते, कोणी सांत्वनाच्या सुरात विचारते, आणि थोडे जण असे असतात की त्यांना उत्तर खरोखरच हवे असते, कारण त्यांच्या घरी दोन किंवा तीन मुलगे आहेत आणि आणखी एका अपत्याचा विचार त्यांच्या मनात घोळतो आहे. बाकीच्यांना मी ‘राहिली की’ एवढेच म्हणून विषय बदलते. हे लिहिते आहे ते या शेवटच्या मंडळींसाठी. त्यांच्या प्रश्नात खरे तर दोन प्रश्न दडलेले असतात: मुलगी हवीशी वाटणे हे असलेल्या मुलग्यांवर अन्याय करणारे आहे का, आणि पुढच्या वेळी मुलगी होण्याची शक्यता किती?

आधी माझ्यापुरते सांगते. पहिल्या वेळी ‘काहीही होवो’ असे आम्ही म्हणत होतो आणि ते मनापासून होते. दुसऱ्या वेळी मुलगी झाली तर बरे, असे वाटत होते. तिसऱ्या वेळी मात्र मला मुलगीच हवी होती, आणि हे नवऱ्याखेरीज कोणाजवळही मी बोलले नव्हते. मुलीचे नाव पहिल्या खेपेपासून ठरलेले होते. मुलग्यांच्या नावांचा साठा दुसऱ्या खेपेला संपला. त्यामुळे तिसरा जन्मला तेव्हा त्याच्यासाठी नावच तयार नव्हते, आणि दवाखान्याच्या कागदांपासून लसीकरणाच्या कार्डापर्यंत सगळीकडे तो नुसता ‘बाळ’ म्हणून वावरला. आता ही गोष्ट तो स्वतःच भरपूर मीठमसाला लावून सांगतो.

‘मुलगा आहे’ हे शब्द कानावर पडले तेव्हा माझ्या मनात काहीतरी खचले, हे मी नाकारणार नाही. त्याच क्षणी मी हेही पाहत होते की, या नव्या जिवाच्या कानाची पाळी हुबेहूब थोरल्यासारखी आहे आणि रडताना त्याचा खालचा ओठ डावीकडे झुकतो. दोन्ही भावना एकाच वेळी मनात होत्या आणि एकीमुळे दुसरी पुसली गेली नाही. हळहळ होती ती जन्माला न आलेल्या, केवळ माझ्या कल्पनेत वाढलेल्या एका मुलीसाठी. माया होती ती समोर असलेल्या, भुकेल्या मुलासाठी. बाळ समोर असताना कल्पनेला टिकाव धरणे अवघड जाते, आणि बहुतेकींची ही हळहळ काही दिवसांत आपोआप ओसरते. ती ओसरली नाही, दोन आठवड्यांनंतरही उदासी, झोप उडणे, बाळाविषयी काहीच न वाटणे असे चालू राहिले, तर मात्र ते प्रसूतीनंतरचे नैराश्य असू शकते. तिथे मुलगा-मुलगी हा विषय बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जावे.

मला नेमके काय हवे होते, याचा विचार मी पुढे सवडीने केला. झालरीचे कपडे आणि रिबिनी ही हौस फार काळ टिकणारी नव्हती. तीन वर्षांची मुलगीसुद्धा आईने काढलेला झगा भिरकावून देऊ शकते. ‘मुलगी म्हातारपणी विचारपूस करते’ हे वाक्य मला पहिल्यापासून खटकत आले आहे, कारण त्यात माया कमी आणि न जन्मलेल्या मुलीच्या गळ्यात आधीच अडकवलेली जबाबदारी जास्त आहे. ‘मुलीशी मन मोकळे करता येते’ हे अधिक खरे वाटले. पण मुलग्यांशी मन मोकळे का करता येत नाही, असे स्वतःला विचारल्यावर लक्षात आले की, आपण तशी सुरुवातच करत नाही. मुलगा पडला की ‘उठ, काही झाले नाही’ म्हणायचे, मुलगी पडली की ‘कुठे लागले?’ असे विचारायचे, आणि मग वीस वर्षांनी मुलगे बोलत नाहीत म्हणून हळहळायचे. आमच्या घरात मधला अतिशय बोलका आहे आणि थोरला एका शब्दाचे उत्तर अर्ध्या शब्दात देतो. दोघेही मुलगेच आहेत.

हे सगळे वजा केल्यावरही काहीतरी शिल्लक राहते, आणि ते नाकारणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते. मुलगी म्हणून वाढताना ज्या ठिकाणी मला अडवले गेले, त्या ठिकाणाहून एका मुलीला न अडखळता पुढे जाताना पाहावे, तिला पहिली पाळी आली की माझ्या वेळी कोणी केल्या नाहीत त्या गप्पा तिच्याशी कराव्यात, ही इच्छा कितीही गुणी मुलगा असला तरी त्याच्याकडून पुरी होणारी नाही. ती त्याच्यातली उणीवही नाही. म्हणून पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तर असे की, इच्छा असणे हा अन्याय नाही; ती मुलांच्या अंगावर टाकणे हा आहे. त्याविषयी पुढे सांगते.

आता शक्यतेविषयी, कारण इथे लोक स्वतःची सर्वांत जास्त फसवणूक करून घेतात. ‘सलग तीन मुलगे झाले, आता मुलगीच होणार’ हे वाक्य इतक्या खात्रीने उच्चारले जाते, जणू निसर्गाकडे कोणी हिशेबाची वही ठेवली आहे आणि तो मागील बाकी चुकती करणार आहे. ही समजूत फार जुनी आहे. फ्रेंच गणितज्ञ लाप्लास यांनी १८१४ साली संभाव्यतेवरच्या आपल्या निबंधात अशा पुरुषांचा उल्लेख केला आहे, ज्यांना मुलगा हवा असे आणि आपल्याला अपत्य व्हायच्या महिन्यात इतरांकडे मुलगे जन्मले की जे चिंतेत पडत, कारण मुलग्यांचा वाटा संपत चालला असे त्यांना वाटे. त्यांना मुलगा हवा होता आणि आपल्याला मुलगी हवी आहे, एवढाच फरक, चूक तीच.

वस्तुस्थिती अशी आहे की, जगभरात ढोबळ मानाने शंभर मुलींमागे एकशेपाच मुलगे जन्माला येतात, म्हणजे कोणत्याही एका जन्मात मुलगी असण्याची शक्यता पन्नास टक्क्यांहून किंचित कमीच, साधारण एकोणपन्नास टक्के असते. ही शक्यता आधीच्या जन्मांवर अवलंबून नसते असे धरले, तर तीन अपत्ये असलेल्या शंभर घरांपैकी तेरा-चौदा घरांत तिन्ही मुलगेच असणार. आमचे घर त्यांपैकी एक. ‘आणखी दोन संधी घेतल्या तर?’ असे एका जोडप्याने मला विचारले होते. त्याचेही गणित सोपे आहे: दोन्ही वेळा मुलगाच होण्याची शक्यता सव्वीस टक्क्यांच्या आसपास असते. चार घरांपैकी एका घरात दोन बाळंतपणांनंतरही मुलगी नसेल.

काही घरांचा कल मुळातच एका बाजूला असतो का, यावर संशोधकांचे एकमत नाही. स्वीडनमध्ये १९३२ पासून जन्मलेल्या लोकांच्या नोंदींवर आधारलेल्या, २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असा कल आनुवंशिक असल्याचे आढळले नाही. उलट अमेरिकेतील अठ्ठावन्न हजारांहून अधिक परिचारिकांच्या बाळंतपणांची माहिती घेऊन २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की, आधी तिन्ही मुलगे असतील तर चौथाही मुलगा असण्याचे प्रमाण एकसष्ट टक्के होते, आणि पहिल्या बाळंतपणाच्या वेळी ज्यांचे वय जास्त होते त्यांच्या घरी सगळी अपत्ये एकाच लिंगाची असण्याची शक्यता थोडी अधिक होती. आईबाप हवे ते अपत्य झाले की थांबतात आणि त्यामुळे आकडे वाकडे होतात, म्हणून त्या संशोधकांनी शेवटचे अपत्य वगळूनही हिशेब करून पाहिला. यांपैकी कोणाचे अखेरीस खरे ठरेल ते ठरो. ‘आता मुलीची पाळी आहे’ या समजुतीला दोन्हींकडून काडीचाही आधार मिळत नाही. कल असलाच तर तो पुन्हा मुलाकडेच आहे.

उपायांबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. अमुक खा, तमुक टाळा, अमुक तिथीला जवळ या, या सल्ल्यांना अंत नाही, आणि ते अपयशी ठरत नाहीत याचे कारण एवढेच की निम्म्या वेळा कोणताही सल्ला खरा ठरतो. त्यांतला वैज्ञानिक वाटणारा सल्ला अमेरिकन डॉक्टर लँड्रम शेटल्स यांच्यामुळे १९६०च्या दशकापासून पसरला: मुलगा ठरवणारे शुक्राणू चपळ पण अल्पायुषी असतात आणि मुलगी ठरवणारे संथ पण चिवट, म्हणून मुलगी हवी असल्यास बीजविमोचनाच्या, म्हणजे स्त्रीबीज बाहेर पडण्याच्या, काही दिवस आधी संबंध ठेवावेत आणि मग थांबावे. ऐकायला पटते. परंतु ॲलन विल्कॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गर्भधारणेची इच्छा असलेल्या २२१ स्त्रियांच्या रोजच्या नोंदी तपासून १९९५ साली दाखवून दिले की, संबंध कोणत्या दिवशी आला याचा बाळाच्या लिंगाशी काही मेळ बसत नाही. थांबल्याने एक मात्र होते: गर्भ राहण्याचीच शक्यता कमी होते. लिंग ठरते ते शुक्राणूतून एक्स गुणसूत्र आले की वाय यावर, हे १९०५ साली नेटी स्टीव्हन्स यांच्या किड्यांवरील संशोधनातून पुढे आले. स्त्रीबीजाकडून नेहमी एक्सच येते. तेव्हा ‘तुझ्या नशिबात मुलगी नाही’ असे आईला ऐकवणाऱ्यांनी निदान पत्ता तरी बरोबर शोधावा. अर्थात बापालाही त्यात निवड नसते.

प्रयोगशाळेत भ्रूण तपासून लिंग निवडता येते हे खरे आहे. वैद्यकीय कारणाशिवाय तसे करण्यास ब्रिटन, कॅनडा यांसारख्या अनेक देशांत मनाई आहे. भारतात १९९४च्या कायद्याने आणि त्यात पुढे झालेल्या दुरुस्तीने गर्भधारणेपूर्वीच्या आणि नंतरच्या लिंगनिवडीवर बंदी आहे, आणि ती मुलगी हवी असणाऱ्यांनाही तितकीच लागू आहे. ‘आम्ही तर उलट मुलगीच मागतो आहोत, आमचे कौतुक करायला हवे’ असे म्हणणारे भेटतात. मला ते पटत नाही. आईबापांच्या पसंतीला उतरला नाही म्हणून एखादा भ्रूण बाजूला ठेवायचा, हे एकदा मान्य केले की पसंती कोणती होती याने फारसा फरक पडत नाही.

‘मग मुलगी दत्तक घ्या’ हेही तितक्याच सहजपणे सुचवले जाते. दत्तक घेणे ही मोठी गोष्ट आहे आणि ज्यांनी ते त्या मुलीसाठी केले त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण तीन मुलग्यांमधली मोकळी जागा भरण्यासाठी आणलेल्या मुलीला घरात पाऊल टाकण्याआधीच एक काम नेमून दिलेले असते, हे मला रुचले नाही.

आम्ही चौथ्याचा विचार केला नाही असे नाही. बरेच दिवस तो होता. एका रात्री नवऱ्याला मी विचारले, ‘चौथाही मुलगाच झाला तर?’ तो म्हणाला, ‘तर चार मुलगे,’ आणि कूस बदलून झोपला. त्याला हे किती सहज म्हणता आले आणि मला ते मनातल्या मनातही म्हणता येत नव्हते, हे मला त्या रात्री समजले आणि आम्ही थांबलो. दुसऱ्या कोणा जोडप्याचे उत्तर वेगळे असेल. माझ्याकडे सल्ला मागणाऱ्यांना मी एवढेच विचारते की, आणखी एक मूल हवे आहे, की मुलगी हवी आहे? मूल हवे असेल तर खुशाल पुढे जा आणि मुलगी झाली तर पेढे वाटा. फक्त मुलगी हवी असेल, तर निम्म्याहून किंचित अधिक शक्यता अशी आहे की, न मागितलेला एक मुलगा तुमच्याकडे येईल, आणि त्याला ते कधी ना कधी कळेलच.

कळते ते असे. मधला शाळेत जाऊ लागला होता तेव्हाची गोष्ट. घरी आलेल्या एका बाईंनी धाकट्याला मांडीवर घेऊन, त्याच्या गालाला हात लावत म्हटले, ‘हा मुलगी असता तर किती छान झाले असते!’ मधला जमिनीवर चित्र रंगवत होता. त्याने मान वर केली नाही. त्या गेल्यावर त्याने मला विचारले, ‘आई, दादाला तुम्ही मागितलं होतं. याच्याऐवजी मुलगी मागितली होती. मग मला कोणी मागितलं होतं?’ मी म्हटले, ‘आम्ही दोघांनी.’ त्याने थोडा विचार केला आणि ‘नक्की?’ असे विचारले. माझ्या ‘नक्की’ने त्याचे समाधान झाले असे मला वाटत नाही, कारण नंतर बरेच दिवस तो हाच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारत राहिला. तेव्हापासून मुलांसमोर कोणी हा विषय काढला की मी तिथल्या तिथे थांबवते, मग समोरच्याला वाईट वाटले तरी चालेल. मोठे झाल्यावर मात्र तिघांनाही मी खरे ते सांगितले आहे. थोरला म्हणाला, ‘मलाही बहीण हवी होती,’ आणि धाकट्याने आपल्या अनामिक दिवसांच्या कथेत आणखी एक प्रसंग वाढवून घेतला.

अजूनही वाटते का, तर कधीकधी वाटते. एखादी आई आणि तिची वयात आलेली मुलगी एकमेकींशी कडाकडा भांडताना पाहिली की विशेष वाटते. गोडीगुलाबीने बोलणाऱ्या मायलेकी पाहून तितके वाटत नाही. का, ते मला सांगता येणार नाही.

हल्ली या प्रश्नाला एक शेपूट जोडले जाते: ‘असू दे, आता नात होईल.’ हे म्हणणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो, पण माझी राहिलेली हौस अजून घरात न आलेल्या एखाद्या सुनेच्या पोटावर सोपवण्याचा मला काहीही अधिकार नाही. माझ्या मुलांना मुले होतील किंवा होणार नाहीत, मुलगे होतील किंवा मुली होतील. त्यांच्याकडे कोणी माझ्या नावाने नातीची फर्माईश घेऊन गेलेच, तर ती मी केलेली नाही, एवढे इथे लिहून ठेवते.