चुन्याला आंबट, तेलाला सोडा: म्युनिकच्या स्वयंपाकघरातून

म्युनिकच्या नळाचं पाणी थेट ग्लास भरून प्यावं इतकं चांगलं. आल्प्सच्या पायथ्याशी असलेल्या मांगफाल नदीच्या खोऱ्यातून ते १८८३ पासून शहरात येतंय. त्यासाठी माक्स फॉन पेटेनकोफर या आरोग्यतज्ज्ञाने शहराच्या मागे बराच तगादा लावला होता. पण ते डोंगर चुनखडीचे. त्यामुळे पाण्यात चुना भरपूर, आणि तो शेवटी आमच्या किटलीत येऊन बसतो.

नवी इलेक्ट्रिक किटली आणली की थोड्याच दिवसांत तळाला पांढरा थर दिसायला लागतो. दुर्लक्ष केलं की त्याचे पापुद्रे सुटून चहात उतरतात. कोऱ्या चहावर तर एक तपकिरी तवंगही धरतो. आपण दूध घालून उकळणारे, त्यामुळे आपल्या लक्षात येत नाही इतकंच. जमिनीत मुरताना पाणी कार्बन डायऑक्साइड सोबत घेतं, म्हणून चुनखडी त्यात विरघळते. पाणी तापलं की तो वायू निघून जातो आणि चुना पुन्हा दगड होऊन बसतो. म्हणून त्रास असतो तो पाणी तापवणाऱ्या यंत्रांना: किटली, कॉफी मशीन, डिशवॉशर. पाण्यात चुना किती यावरून जर्मनीत कायद्यानेच पाण्याचे मऊ, मध्यम आणि जड असे तीन गट केलेत. हा जडपणा 'जर्मन अंशांत' मोजतात, १४ अंशांच्या वर गेलं की जड. कपड्यांच्या पावडरच्या खोक्यावरसुद्धा या तीन गटांप्रमाणे वेगवेगळं माप छापलेलं असतं.

यावर इथली घरगुती तोड म्हणजे आपलं लिंबूफूल, सायट्रिक ॲसिड. ढोकळ्यात घालतो तेच. डीएम किंवा रोसमानमध्ये, साबण-शाम्पूच्या दुकानांत, साफसफाईच्या फळीवर त्याचे खोके रांगेत असतात. लिटरभर पाण्यात एक-दोन मोठे चमचे विरघळवायचं आणि किटलीत ओतायचं. ओतल्याबरोबर तळातून बारीक बुडबुड्यांच्या माळा सुटतात, कानाजवळ नेलं तर सुरसुर ऐकू येते. अर्ध्या-पाऊण तासाने तळाचं स्टील लखलखीत. मग दोनदा साधं पाणी उकळून फेकायचं.

यात एक मेख आहे. हे पाणी उकळायचं नाही. लवकर काम व्हावं म्हणून किटलीचं बटण दाबायचा मोह होतो, पण गरम पाण्यात चुना आणि लिंबूफूल मिळून कॅल्शियम सायट्रेटचा नवाच पांढरा थर धरतो आणि तो पहिल्यापेक्षा चिवट निघतो. गार नाहीतर कोमट पाणीच बरं. व्हिनेगरचं उलटं, ते तापवलं तरी चालतं, पण मग घरभर वास. शिवाय इथे २५ टक्के तीव्रतेचं व्हिनेगर इसेन्स मिळतं, आपल्या सॅलडवरच्या व्हिनेगरच्या पाचपट कडक. ते पातळ केल्याशिवाय वापरायचं नाही आणि कॉफी मशीनमध्ये तर नकोच. आतल्या रबरी वायसरना ते मानवत नाही.

आता ओव्हन. भाड्याचं घर सोडताना घरमालक आधी ओव्हनचं दार उघडून आत डोकावतो, आणि त्याच्याकडे आपलं डिपॉझिट असतं. कायद्याने ते जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकं घेता येतं, म्हणजे रक्कम लहान नव्हे. बाजारातल्या ओव्हनच्या बऱ्याच कडक स्प्रेंमध्ये कॉस्टिक सोडा असतो. काम झकास होतं, पण जानेवारीत खिडक्या बंद असलेल्या एवढ्याशा स्वयंपाकघरात तो फवारला की घसा धरतो. मी खायचा सोडा वापरतो. पाण्यात कालवून इडलीच्या पिठाइतका दाट लेप करायचा, थंड ओव्हनच्या तळाला आणि काचेला थापायचा आणि रात्रभर सोडून द्यायचा. हीटिंगच्या सळ्यांना आणि पंख्याला लावायचा नाही. सकाळी ओल्या फडक्याने पुसताना जळकं तेल तपकिरी चिखलासारखं निघून येतं. जे राहील त्याला दुसरा लेप. कष्ट आहेत, खोटं कशाला सांगू. वर्षभर साचलेलं एका रात्रीत निघत नाही.

चिमणीच्या जाळीवर आपल्या फोडण्यांचा चिकट थर बसतो. स्टीलची जाळी असेल तर कढत पाणी आणि धुण्याचा सोडा, हातात मोजे घालून. ॲल्युमिनियमची असेल तर धुण्याचा सोडा अजिबात नको, ती काळी पडते. तिला भांड्यांचा साबण आणि गरम पाणीच.

यूट्यूबवर सगळीकडे सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतून फेसाचा डोंगर दाखवतात. दिसतं छान. पण आंबट आणि सोडा एकमेकांना मारून टाकतात, आणि उरतं ते जवळपास निव्वळ खारट पाणी. चुना काढायचा असेल तर आंबट, तेल असेल तर सोडा, एका वेळी एकच. आणि 'नैसर्गिक' म्हणून बिनधास्त राहू नका: लिंबूफूल किंवा व्हिनेगर ब्लीचमध्ये पडलं तर क्लोरीन वायू सुटतो. संडास-बाथरूमचं ब्लीच आणि हे डबे वेगवेगळ्या कपाटांत ठेवलेले बरे.

डिशवॉशरला त्याच्या मिठाखेरीज वेगळं काही लागत नाही. त्यात भरायचं खास मीठ भांड्यांसाठी नसतं. आतल्या पाणी मऊ करणाऱ्या यंत्रणेत चुना अडकतो, तो धुऊन काढायला ते लागतं. पाणी किती जड आहे तो आकडा मशीनमध्ये भरावा लागतो, आणि तो पाणीपुरवठ्याच्या साइटवर मिळतो. खालची जाळी मात्र काढून नळाखाली धुवा. डाळीची सालं आणि कढीपत्ता तिथेच अडकतो. हळदीने पिवळे झालेले प्लास्टिकचे डबे मशीनमधून पिवळेच बाहेर येतात. त्यांना तेलाचा हात पुसून साबणाने धुवायचं आणि उन्हात ठेवायचं, हळदीचा रंग उन्हात विटतो. इथे डिसेंबरात ऊन कुठलं, त्यामुळे आमचे डबे एप्रिलपर्यंत पिवळे.

पुण्या-मुंबईच्या मंडळींनी हे वाचून किटल्या घासायला घेऊ नयेत. धरणाचं पाणी बरंच मऊ असतं. बोअर नाहीतर टँकरचं पाणी येत असेल तर मात्र हे सगळं तुम्हालाही लागू. कुकरच्या पाण्यात लिंबाची फोड किंवा चिंचेचं बुटुक टाकायची आपली जुनी पद्धत हीच, आतलं ॲल्युमिनियम काळं पडू नये म्हणून. फक्त ओटा कडप्प्याचा किंवा संगमरवराचा असेल तर लिंबूफुलाची किटली सिंकमध्येच ठेवा. दोन्ही दगड चुन्याचेच, आंबट सांडलं की चकाकी जाते आणि मग पॉलिशवाल्याला बोलवावं लागतं. ग्रॅनाइटला सहसा काही होत नाही.