बाटली भरलेलीच घरी जायची

सातवीतल्या एका पोरीच्या दप्तरात बाटली सांडली, म्हणून हे कळलं. नाहीतर अजून कळलं नसतं. पुस्तकं व्हरांड्यात वाळत घालता घालता मी तिला म्हटलं, "अगं, साडेचार वाजले, एवढं पाणी उरलंच कसं?" ती गप्प. शेजारची म्हणाली, "मॅडम, पाणी पिलं की जावं लागतंय ना."

जावं लागतं म्हणजे आधी किल्ली मागावी लागते. मुलींच्या स्वच्छतागृहाची किल्ली ऑफिसात, सरांच्या टेबलाच्या खणात. गावातली टवाळ पोरं संध्याकाळी आत घाण करतात म्हणून कुलूप. बारा-तेरा वर्षांची मुलगी चार पुरुषांसमोर जाऊन किल्ली मागेल का? मीही त्याच ऑफिसात बसत होते आणि दीड वर्षात एकही मुलगी किल्ली मागायला आली नाही, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. महिन्यातले चार दिवस तर काहीजणी शाळेतच यायच्या नाहीत. ते आम्ही हजेरीपटावर 'आजारी' म्हणून लिहून मोकळे व्हायचो.

कागदावर आमच्याकडे सगळं आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ चा. त्यात पिण्याचं पाणी आणि मुलामुलींना वेगळी स्वच्छतागृहं, दोन्ही आहेत. २ ऑक्टोबर २०२० ला शाळा-अंगणवाड्यांना १०० दिवसांत नळ देण्याची मोहीम निघाली, तिच्यात आम्हालाही नळ मिळाला. तेव्हा कोरोनामुळे शाळेत पोरंच नव्हती, ती गोष्ट वेगळी. पण तो नळ व्हरांड्यात. स्वच्छतागृहात नुसती तोटी, पाइप जोडायचाच राहिला होता. ग्रामपंचायतीला तीन अर्ज दिले. तिन्हींची पोच माझ्याकडे आहे.

शेवटी शाळेच्या अनुदानातून पंचवीस-तीस फूट पाइप आणला आणि एका पालकाने अर्ध्या दिवसात जोडून दिला. किल्ली आता आमच्या वर्गाच्या दारामागे खिळ्याला असते. उंच नाही, पहिलीतलीचा हात पोचेल एवढ्यावर. विचारायचं नाही, घ्यायची आणि जायचं.

साबणाची मात्र रोजची कटकट. वडी उघडी ठेवली की कावळा पळवतो. खरंच! दोन वड्या गेल्या तेव्हा मी पोरांवरच संशय घेतला होता. मग एकाने घरून कांद्याच्या गोणीची जाळी आणली. तिच्यात वडी घालून गाठ मारली आणि नळाला बांधली. जाळीसकट हातावर घासलं की फेसही चांगला येतो.

टाकीचं काम सातवीकडे आहे. हजार लिटरला पाच ग्रॅम टीसीएल, म्हणजे पाणी शुद्ध करायची क्लोरीनची पावडर, आधी बादलीत कालवायचं, गाळ खाली बसू द्यायचा, वरचं निवळ तेवढं टाकीत ओतायचं. अर्ध्या तासाने नळाचं पाणी परीक्षानळीत घेऊन ओटीचे, म्हणजे क्लोरीन तपासायच्या औषधाचे, थेंब टाकायचे. पिवळं झालं म्हणजे पाण्यात क्लोरीन आहे. मग पोरं "पिवळं, पिवळं!" ओरडत मैदानभर पळतात. विज्ञानाचा दुसरा कुठला तास त्यांना इतका आवडत नाही.

बाटल्या हल्ली दुपारच्या सुट्टीतच रिकाम्या होतात आणि पोरी पुन्हा नळावर. त्यामुळे नवी पंचाईत: वीज सिंगल फेज असली की मोटर चालत नाही, आणि तीनच्या सुमाराला टाकी खडखडते. चौथा अर्ज लिहायला घेतलाय.