तुम्ही विचारलंत म्हणून: देणगी देऊन दुसरा पासपोर्ट घ्यावा का?

सरकारला देणगी देऊन दुसरं नागरिकत्व घेणं फायद्याचं आहे का, असं बरेच जण विचारतात. बहुतेकांना माझं उत्तर ‘नाही’ असतं, आणि त्याचं कारण फक्त किंमत नाही. लोक नागरिकत्वाच्या नावाखाली व्हिसामुक्त प्रवास विकत घेतात, आणि ती सवलत पासपोर्ट विकणाऱ्या देशाच्या हातात नसतेच. वानुआतू हा पॅसिफिकमधला बेटांचा देश एकट्या अर्जदाराकडून १,३०,००० डॉलर घेत असे. युरोपीय संघाने २०२२ मध्ये त्याची सवलत स्थगित केली, २०२४ च्या अखेरीस काढूनच टाकली. ब्रिटनने २०२३ मध्ये वानुआतू आणि कॅरिबियनमधला डॉमिनिका या दोघांनाही व्हिसा लावला. पैसे देऊन बसलेल्यांना कुणी परतावा दिला नाही.

नागरिकत्व विकणाऱ्या कॅरिबियन देशांनी २०२४ मध्ये किमान रक्कम दोन लाख डॉलर ठरवली. डॉमिनिका तेवढेच घेतं, सेंट किट्स अडीच लाख. शिवाय पार्श्वभूमी तपासणीची फी, एजंटची फी, कुटुंबीयांचे वेगळे. याहून स्वस्तात करून देतो म्हणणाऱ्यापासून लांब राहा: रक्कम पूर्ण न भरलेल्यांचं नागरिकत्व सेंट किट्सने नंतर रद्द केलंय.

अर्ज परवानाधारक एजंटमार्फतच जातो, मुलाखत होते. देणगी भरायची ती तत्त्वतः मंजुरी आल्यावर. सगळी आधीच मागितली तर तिथूनच उठा. तपासणीची फी मात्र नकार आला तरी बुडते.

फाइल अडते ती बहुधा पैशाच्या उगमावर. ‘घर विकलं’ एवढं पुरत नाही. विक्रीखत, ती रक्कम खात्यात जमा झाल्याची नोंद आणि भरलेला कर, तिन्ही आकडे जुळायला हवेत. व्यवहारातला रोखीचा भाग इथे उघडा पडतो. काकांनी पैसे दिले असतील तर काकांची कमाईही दाखवावी लागते. जन्मदाखल्यावर एक स्पेलिंग, पासपोर्टवर दुसरं, हेही नेहमीचंच. आधी कुठे व्हिसा नाकारला असेल तर लपवू नका; नकारापेक्षा लपवणं महागात पडतं.

कर वाचेल ही समजूतही सोडा. कर सहसा राहण्याच्या जागेवरून ठरतो, आणि बँकही तेच विचारते. ग्रेनाडा या कॅरिबियन देशाचा पासपोर्ट घेऊन अमेरिकेचा ई-२ (गुंतवणूकदारांचा) व्हिसा मिळवायचा, ही वाटही पूर्वीसारखी सरळ नाही: २०२२ च्या अखेरच्या कायद्याने, नागरिकत्व विकत घेतलेल्याला आधी तीन वर्षं ग्रेनाडात वास्तव्य दाखवावं लागतं. जाहिरातीत हे वाक्य सापडत नाही.

स्वतःचा पासपोर्ट कमकुवत आहे, धंद्यासाठी सतत फिरावं लागतं आणि ही रक्कम गेली तरी चालेल, अशांना हा सौदा जमू शकतो. त्यातही पहिलं नागरिकत्व टिकणार असेल तरच. भारताच्या नागरिकाने स्वखुशीने दुसरं घेतलं की पहिलं जातं; चीनही दुहेरी नागरिकत्व मानत नाही. भारतीयाला मग आपला पासपोर्ट जमा करून, स्वतःच्याच देशात येण्याजाण्यासाठी व्हिसा किंवा ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं) यासाठी अर्ज भरावा लागतो.